आधी बिऱ्हाडाची तारीख, मग खरेदीखताची: सांगलीतल्या एका घरविक्रीचं प्रकरण

(कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत, हिशेबाची रीत मात्र तीच ठेवली आहे.)

पार्श्वभूमी

नवरा-बायको दोघंही शिक्षक. सर हायस्कूलमधून 2022 मध्ये निवृत्त झाले. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्यांची निवृत्ती 31 मे 2025 ला होती. एकुलती एक मुलगी साताऱ्यात नोकरीला, जावयांची नोकरी फिरतीची आणि घरात लहान मूल. बाई निवृत्त झाल्या की दोघांनी साताऱ्यात मुलीजवळ राहायला जायचं, हे घरात कधीच ठरलं होतं. प्रश्न फक्त सांगलीच्या घराचा होता.

घर कोल्हापूर रोडच्या बाजूच्या सखल पट्ट्यात. दोन गुंठ्यांचा प्लॉट सरांच्या वडिलांनी 1986 मध्ये घेतलेला, खालच्या तीन खोल्या 1991 च्या आणि वरच्या दोन 2006 मध्ये चढवलेल्या. सगळी वस्ती गुंठेवारीतली, म्हणजे जमिनीचे गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे पाडून परवानगीविना वसलेली. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानंतर वडिलांनी पैसे भरून नियमितीकरणाचं प्रमाणपत्र घेऊन ठेवलं होतं, ही त्यांची मोठीच दूरदृष्टी.

पावसाळ्यात सांगलीकर हवामानाची नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची चौकशी करतो: ‘आयर्विनला किती झालं?’ 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा सरांच्या खालच्या मजल्यावर स्विचबोर्ड बुडाले. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा घरात आलं, या वेळी गुडघ्याच्या वर. त्यानंतर सरांनी सगळे बोर्ड हात वर केल्यावर लागतील इतके उंच बसवून घेतले आणि फ्रीज कायमचा वरच्या मजल्यावर नेला. पाहुणे उंचावरची बटणं बघून हसायचे, बाईंना मात्र ती रोज वापरावी लागायची.

अडचण

मे 2024 मध्ये सर माझ्याकडे आले ते कराचं विचारायला. ‘किती येतील आणि किती भरावा लागेल?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी उलट विचारलं, ‘किल्ली कधी द्यायची आहे?’ त्यावर सर थोडे थांबले. तारीख कुणी ठरवलीच नव्हती.

घर विकायला निघालेली बहुतेक माणसं भावापासून सुरुवात करतात. पण पुढचं बिऱ्हाड ठरलेलं असेल तर मोजणी शेवटापासून उलटी करावी लागते. इथं शेवट दोन गोष्टींनी ठरवला होता. बाई 31 मे च्या आधी सांगली सोडू शकत नव्हत्या आणि जुलै उजाडला की पाण्याची धास्ती सुरू होणार होती. म्हणजे घर रिकामं करायला जून महिना तेवढा मिळत होता. त्यात पुढच्या घराचे पैसे याच घरातून यायचे होते. बाईंची ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी निवृत्तीनंतर हातात येणार, आणि शिक्षकांचे हे पैसे कधी वेळेत येतात, कधी फाईल पंचायत समितीत अडकते. तो पैसा म्हातारपणासाठी आहे, घरात घालायचा नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय जावयांनी सुचवला: साताऱ्यात आधी फ्लॅट घ्या, कर्ज काढा, सांगलीचं घर विकलं की फेडा. जावई बँकेचे हप्ते भरणाऱ्या वयाचे, त्यांना ते सोपं वाटलं. सर 60 ओलांडलेले, बाई वर्षभरात निवृत्त होणार. मुदत आखूड, हप्ता मोठा, आणि सांगलीचं घर वेळेत विकलं नाही तर हप्ता पेन्शनीतून. शिवाय हप्ता डोक्यावर असलेला माणूस पहिल्या बऱ्या गिऱ्हाइकाला घर देऊन टाकतो. सखल भागातलं घर विकताना घाई दिसली की भाव लगेच खाली येतो. हा पर्याय फार वेळ टिकला नाही.

दुसरा: घर दिवाळीनंतर विकून खरेदीखत करून टाकायचं आणि मे अखेरपर्यंत त्याच घरात भाडेकरू म्हणून राहायचं. रीतसर भाडेकरार नोंदवून हे करता येतं. पण कर्ज काढून घेणाऱ्याला हप्ता सुरू झाल्यावर घर रिकामंच हवं असतं, आणि सरांनाही स्वतःच्याच घरात भाडं भरायचं मनाला लागत होतं.

तिसरा: गिऱ्हाईक हिवाळ्यात पक्कं करायचं, संचकार (विक्रीचा करार) करायचा, खरेदीखत आणि ताबा जूनमध्ये. मधला पावसाळा साताऱ्यात भाड्याच्या घरात काढायचा आणि पैसे हातात आल्यावर फ्लॅट शोधायचा. यात सामान दोनदा हलतं. बाईंचा विरोध त्यालाच होता: ‘पुरात दोनदा सगळं उचललंय, आता आणखी दोनदा?’ तरी शेवटी त्याच तयार झाल्या. कारण त्यांचं म्हणणं असं की फ्लॅट घाईत घेतला तर तो आयुष्यभर बघत बसावा लागेल, भाड्याचं घर वर्षात सुटतं.

बाजारात घर कधी काढायचं, यावर एजंटाचं आणि सरांचं पटत नव्हतं. सरांना लगेच जूनमध्ये पाटी लावायची होती. एजंट म्हणाला, ‘सर, पावसात लोक घर बघायला येत नाहीत, पाणी बघायला येतात.’ माझंही मत तेच पडलं, पण दुसऱ्या कारणासाठी. कागद तयार नव्हते. मग पावसाळा कागदांना द्यायचा आणि दसऱ्यानंतर घर दाखवायला सुरुवात करायची, असं ठरलं.

पावसाळ्यातलं काम: कागद

1986 चं मूळ खरेदीखत 2019 च्या पुरात भिजलं होतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत होतं, पण पिशवीतच पाणी शिरलं. बाईंनी तेव्हा एकेक पान वर्तमानपत्राच्या कागदात धरून हलकी इस्त्री फिरवून सोडवलं होतं. अक्षरं वाचता येत होती, शिक्के मात्र जांभळ्या डागासारखे पसरलेले. असा कागद बँकेच्या वकिलाला दाखवला तर तो पुढं काय मागेल हे सांगता येत नाही. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची प्रमाणित नक्कल आणि सूची दोनचा (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याचा) उतारा आधीच काढला. भिजलेलं मूळ आणि कोरी नक्कल एका फाईलमध्ये. पुढं बँकेनं जाहीर नोटीस द्यायला लावली, तेवढ्यावर भागलं.

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वडिलांच्या पश्चात सरांबरोबर त्यांच्या थोरल्या बहिणीचंही नाव लागलेलं होतं. आक्का इचलकरंजीला असतात. ‘मला काही नको रे’ असं त्यांनी 2012 मध्येच सांगून टाकलं होतं, आणि सर त्यावरच निवांत होते. दस्ताला मात्र तोंडी शब्द चालत नाही. एक वाट अशी होती की खरेदीखतावर आक्कांनीही विकणार म्हणून सही करायची. पण मग विक्रीचा निम्मा भाग त्यांचा, त्यावरचा भांडवली नफाही त्यांचाच, आणि रिटर्न भरायची वेळ ज्या बाईंनी आयुष्यात पॅन कार्ड फक्त बँकेत दाखवलं त्यांच्यावर. त्यापेक्षा मोबदला न घेता नोंदणीकृत हक्कसोडपत्र बरं. भावाबहिणीत विनामोबदला असेल तर त्याला मुद्रांकही नाममात्र लागतो.

आक्का तयार होत्या, पण सही पितृपक्षात करणार नाही म्हणाल्या. तो 2 ऑक्टोबरला संपला, घटस्थापनेनंतर हक्कसोडपत्र झालं आणि उताऱ्यावरून नाव कमी व्हायला आणखी काही आठवडे गेले. बहिणीच्या सहीसाठी घाई करू नये असं माझं मत आहे. त्यात मन दुखावलं की कागदच राहतो बाजूला.

तिसरी गोष्ट दिसत होती तरी तिच्यावर कुणी नीट बोट ठेवलं नाही. गुंठेवारीच्या प्रमाणपत्रात खालचा मजला होता. वरच्या दोन खोल्या प्रमाणपत्रानंतर बांधलेल्या, त्यांचा कुठंच उल्लेख नव्हता. 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची वाट पुन्हा उघडली होती, पण महापालिकेत अर्ज, नकाशा, शुल्क आणि मग वाट बघणं. ‘घेणारा घेईल करून,’ असं सर म्हणाले आणि विषय तिथंच राहिला.

दोन गिऱ्हाईकं

दसऱ्यानंतर घर दाखवायला सुरुवात झाली आणि लगेच एक जुना वाद निघाला. खालच्या खोलीत भिंतीवर 2019 च्या पाण्याची तपकिरी रेघ अजून दिसत होती. एजंट म्हणाला रंग मारून घ्या. सरांनी नकार दिला. तत्त्वाचा भाग त्यात होताच, पण व्यवहारही होता: सांगलीत राहणाऱ्या माणसाला त्या गल्लीत पाणी आलं होतं हे माहीत असतंच. रंग ताजा दिसला की तो समजतो इथं काहीतरी लपवलंय, आणि मग उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही. बाहेरगावची, पाण्याची कल्पना नसलेली दोन-तीन कुटुंबं रेघ बघून परत गेली. ती तशीही पुढं वकिलाकडून कळल्यावर परत गेली असतीच.

जानेवारीपर्यंत दोन गिऱ्हाईकं उरली.

एकाचा भाव 62 लाख. कागदावर 42, बाकीचे 20 रोख. दुसऱ्याचा भाव 58 लाख, सगळे बँकेतून. हा दुसरा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत काम करणारा, त्याच कॉलनीत भाड्यानं राहणारा, 2019 ला त्याच बोटीतून बाहेर पडलेला. त्याला वरच्या दोन खोल्यांमुळेच घर हवं होतं. पाणी आलं तर सामान वर.

चार लाखांचा फरक सरांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, एजंटही 62 कडेच ढकलत होता. मी कागदावर मांडून दाखवलं. घराचं रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, मूल्यांकन 51 लाख होतं. दस्त 42 चा केला तरी मुद्रांक 51 वरच लागणार. आयकरातही, फरक दहा टक्क्यांच्या पलीकडे असल्यानं, विक्री 51 लाखांचीच धरली जाणार. घेणाऱ्याच्या हिशेबात मधले 9 लाख त्याचं उत्पन्न म्हणून मोजले जाणार, म्हणजे उद्या चौकशीचा कागद आला तर तो पहिल्यांदा सरांचंच नाव सांगणार. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. आणि साताऱ्याच्या फ्लॅटला कागदावरचे 42 पुरत नव्हते. राहिलेले दहा लाख बाईंच्या निवृत्तीच्या पैशातून काढावे लागले असते, आणि 20 लाखांच्या नोटा घरात पडून.

बाई एवढंच म्हणाल्या, ‘खरेदीखताला इस्त्री केली, आता नोटांना करत बसायचं का?’ 58 वर शिक्कामोर्तब झालं. एक लाखाचा चेक आणि साधी इसारपावती.

बँकेचा मूल्यांकनदार आणि सरकलेली तारीख

खरेदीदारानं सुमारे 45 लाखांचं कर्ज मिळेल असं धरून 13 लाख स्वतःचे जमवले होते. फेब्रुवारीत बँकेचा मूल्यांकनदार आला, त्यानं गुंठेवारीचं प्रमाणपत्र बघितलं, मग जिन्यावरून वर गेला, खाली आला आणि वरचा मजला हिशेबातून वगळून टाकला. मूल्यांकन 47 लाख, कर्जाची मंजुरी 37 लाख. आठ लाखांचं खिंडार पडलं.

या प्रकरणातला सगळ्यात नाजूक टप्पा हाच. खरेदीदार अडचणीत होता, पण माणूस खोटा नव्हता. त्यानं विचारलं: एप्रिल अखेरीला खरेदीखत करू, 50 लाख तेव्हा देतो, राहिलेल्या आठांचे पुढच्या तारखांचे चेक देतो, दिवाळीपर्यंत वटतील. सर तयारही झाले होते. ‘एकाच बोटीत बसलोय आम्ही,’ असं म्हणाले, आणि ते अक्षरशः खरंही होतं.

तरी खरेदीखत झाल्यावर विकणाऱ्याच्या हातात उरतो तो फक्त तगादा. दस्तात ‘पूर्ण मोबदला मिळाला’ असं लिहायचं आणि आठ लाख येणं बाकी ठेवायचं, हा आपणच आपल्याविरुद्ध तयार केलेला पुरावा. चेक न वटल्याची फिर्याद करता येते, पण साताऱ्यात राहून सांगलीच्या कोर्टात, ओळखीच्या माणसाविरुद्ध? दुसरा मार्ग भाव कमी करण्याचा. त्याला बाईंची हरकत होती आणि ती बरोबर होती: घराची किंमत बदलली नव्हती, बँकेची नजर तेवढी बदलली होती.

मग तारखेकडे बघितलं. हळदीचा हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंत. अडतीतल्या माणसाचे पैसे मे अखेरीला मोकळे होतात. आणि सरांना तसाही ताबा जूनमध्येच द्यायचा होता! एप्रिल अखेर ही तारीख खरेदीदारानंच पुढं केली होती, कारण मार्चनंतर रेडी रेकनर वाढणार असं त्यानं ऐकलेलं, जितकं लवकर तितकं बरं असा त्याचा समज. दर 1 एप्रिल 2025 पासून वाढले हे खरं, पण इथं ती भीती फुकट होती. मुद्रांक लागतो तो ठरलेली किंमत आणि रेडी रेकनर यांतल्या जास्त आकड्यावर. ठरलेली किंमत 58, मूल्यांकन 51. ते काही टक्क्यांनी वाढलं तरी 58 च्या खालीच राहणार होतं.

शेवटी असं ठरलं: मार्चमध्ये नोंदणीकृत संचकारपत्र, एकूण आठ लाख त्यावेळी, खरेदीखत आणि ताबा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, राहिलेले सगळे 50 लाख त्याच दिवशी. मुदतीत पैसे आले नाहीत तर काय, दोन्ही बाजूंनी माघार घेतली तर काय, ही कलमं स्पष्ट लिहिली. सांगलीत पुष्कळ लोक पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून संचकार उरकतात. इथं बँकेलाच नोंदणीकृत हवं होतं. पूर्ण मुद्रांक त्याच वेळी भरायचा म्हणून खरेदीदार बिचकला, पण तो पुढं खरेदीखताच्या वेळी पुन्हा भरावा लागत नाही, हे कळल्यावर तयार झाला. घर त्यानं बायकोच्या एकटीच्या नावानं घेतलं आणि महिलांसाठीची एक टक्क्याची सवलत मिळवली. कर्जाला दोघं अर्जदार.

एक किरकोळ पण हमखास विसरली जाणारी गोष्ट. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्यानं प्रत्येक हप्त्यातून एक टक्का कर कापून विकणाऱ्याच्या पॅनवर भरायचा असतो. एक लाखाच्या पहिल्या चेकच्या वेळी हे राहून गेलं होतं, ते मार्चच्या हप्त्यात मागचं व्याज धरून भरून घेतलं.

कराचं गणित आणि तारखेचा फायदा

खरेदीखत मार्चच्या आत न होता जूनमध्ये झाल्यानं आणखी एक गोष्ट झाली: विक्री 2025-26 या आर्थिक वर्षात गेली. राहतं घर विकून झालेला दीर्घकालीन नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर कर लागत नाही. त्या वेळच्या आयकर कायद्यात हे कलम 54. (1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले.) नवं घर विक्रीनंतर दोन वर्षांत घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधायचं. पण रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे घरात घातले नसतील तर ते बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. मार्चमध्ये खरेदीखत झालं असतं तर ती मुदत काही महिन्यांवर आली असती. जूनमुळे ती 2026 च्या जुलैवर गेली. म्हणजे फ्लॅट शोधायला निवांत वेळ, त्या खात्याची भानगड न करता.

नफ्याचा हिशेब: वारसाहक्काचं आणि वडिलांनी 2001 च्या आधीच घेतलेलं घर असल्यानं 1 एप्रिल 2001 ची वाजवी किंमत धरता येते, मात्र ती त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. मूल्यांकनदाराकडून ती साडेसहा लाख आली. 58 लाखांतून ती आणि 58 हजारांची दलाली वजा केली तर नफा 50 लाख 92 हजार. साडेबारा टक्क्यांनी आणि उपकर धरून (अधिभार न धरता) कर सुमारे 6 लाख 62 हजार. सर आग्रह धरत होते की महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांची जुनी पद्धत स्वस्त पडेल, आणि जुन्या घरांबाबत ती निवडता येतेही. त्या वर्षीचा निर्देशांक 376 धरून केलं तर कर 6 लाख 86 हजारांच्या आसपास येत होता. जुनं ते सोनं इथं चाललं नाही. अर्थात 51 लाखांच्या वर फ्लॅटमध्ये गेले तर दोन्ही पद्धतींनी शून्यच.

जून ते डिसेंबर

31 मे ला शनिवार होता. शाळेतला निरोपसमारंभ आदल्या दिवशी झाला, पुढच्या आठवड्यात ट्रक कराडमार्गे साताऱ्याला गेला. निम्मं सामान आधीच वाटून टाकलं होतं. अकरा महिन्यांचा भाडेकरार शाहूपुरीत, दरमहा 12 हजार, एका महिन्याच्या सूचनेवर सोडता येईल असा. ती सूचनेची अट महत्त्वाची होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सर आणि बाई सांगलीला आले, बँकेचा धनाकर्ष आणि खरेदीदाराचे पैसे खात्यावर आल्याची खात्री करून सह्या केल्या, वीजमीटरचं रीडिंग खरेदीदाराबरोबर उभं राहून लिहून घेतलं, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या दिल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

पैसे खात्यात पडून असताना एका मेहुण्यांनी पतसंस्थेत ठेवायला सांगितलं, दीड-दोन टक्के व्याज जास्त. सांगलीकरांना हे सांगायची गरज पडू नये, तरी पडते: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. सहा महिन्यांत जे पैसे घरासाठी लागणार, त्यांच्यावर दोन टक्क्यांचा जुगार कशाला? सरांनी राष्ट्रीयीकृत बँकेत आखूड मुदतीच्या ठेवी केल्या.

फ्लॅटच्या शोधात एक मोह आला. बांधकाम चालू असलेला एक प्रकल्प सहा लाखांनी स्वस्त होता, ताबा ‘पुढच्या दसऱ्यापर्यंत’. बाईंनी पावसात जाऊन स्लॅब बघितला आणि नको म्हणाल्या. मलाही तयार घरच बरं वाटलं. दोन वर्षांची मुदत आणि बिल्डरची तारीख यांचं लग्न लावायची गरज नव्हती.

दुसरा पेच नावाचा. सरांना फ्लॅट बाईंच्या एकटीच्या नावानं घ्यायचा होता, मुद्रांकात एक टक्का वाचतो म्हणून. पण विकलेलं घर सरांचं. नवं घर ज्याचा नफा त्याच्याच नावावर हवं, अशी कडक भूमिका मुंबई उच्च न्यायालयानं 2008 च्या एका निकालात घेतलेली आहे. 49 हजार वाचवायला साडेसहा लाखांचा वाद ओढवून घेण्यात शहाणपण नव्हतं. सरांचं पहिलं नाव, बाईंचं दुसरं, आणि पैसे सगळे सरांच्या खात्यातून.

डिसेंबर 2025 मध्ये गोडोलीच्या बाजूला पाच वर्षं जुना दोन खोल्यांचा फ्लॅट 49 लाखांना घेतला, तिसरा मजला, लिफ्टसह. मुद्रांक, नोंदणी, दलाली आणि सोसायटीची हस्तांतर फी धरून खर्च 52 लाखांच्या जवळ गेला. भाडं, दोन ट्रक आणि किरकोळ दुरुस्ती मिळून दीड-पावणेदोन लाख. बाईंचे निवृत्तीचे पैसे ऑक्टोबरमध्ये आले आणि जसेच्या तसे राहिले.

काय वेगळं करता आलं असतं

वरच्या मजल्याच्या नियमितीकरणाचा अर्ज जून 2024 मध्येच द्यायला हवा होता. शुल्क घेणाऱ्यानं भरलं काय आणि विकणाऱ्यानं भरलं काय, फार फरक पडत नव्हता. फरक पडला तो बँकेच्या डोळ्यांत. हळदीचा हंगाम आणि सरांची तारीख जुळली म्हणून निभावलं, पगारदार गिऱ्हाईक असतं तर हा सौदा आठ लाखांवरच मोडला असता.

हक्कसोडपत्राला उशीर झाला तो पितृपक्षामुळे कमी आणि विषय काढायला सर ऑगस्टपर्यंत थांबल्यामुळे जास्त. बहिणीला फोन करायला त्यांना संकोच वाटत होता. आक्कांना उलट वाटलं की इतक्या दिवसांत सांगितलं का नाही.

भाड्याचं घर घेण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, जरी सामान दोनदा हललं तरी. साताऱ्यातला पहिला पसंत पडलेला फ्लॅट सरांनी जूनमध्येच घेतला असता. पावसाळ्यात त्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये डोंगराकडून येणारं पाणी तुंबलेलं बाईंनी स्वतः पाहिलं.

एक गोष्ट अजून शिल्लक आहे. गोडोलीचा फ्लॅट डिसेंबर 2028 च्या आत विकला तर मिळालेली करसवलत हिशेबात परत धरली जाते. मुलीची बदली होण्याची शक्यता आहे. तसं झालंच तर फ्लॅट भाड्यानं द्यायचा, विकायचा नाही, असं सरांनी फाईलच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहून खाली दोघांच्या सह्या केल्या आहेत.